तळ भरणाऱ्याचा

गच्चीवर पुन्हा जुन्या चादरी अंथरल्या गेल्यात. चारही कोपऱ्यांवर विटा, चादरीवर पातळ पोहे, आणि मानपाडा रोडची धूळ त्यांच्यावर बसू नये म्हणून वरून कुणाची तरी ओढणी. पाऊस संपून रस्ता वाळला की ही धूळ उडायला लागते आणि तिच्या मागोमाग दिवाळी येते. कामावरून परतताना जिन्यात दर मजल्याला वेगळा वास लागतो. पहिल्यावर भाजलेलं बेसन, दुसऱ्यावर तूप, तिसऱ्यावर मिरची-कढीपत्त्याची फोडणी, जी थेट नाकात जाऊन शिंका काढते. या वासाने लोकांना माहेर आठवतं. मला राग येतो.

मी यादीवाली बाई आहे. घरात, ऑफिसात, लग्नाकार्यात, जिथे जाईन तिथे याद्या करते. आमच्या महिला मंडळाच्या फराळाची यादीही माझ्याकडेच असते: पोहे कोण भाजणार, खोबऱ्याचे काप कोण करणार, शेगडी कुणाची, परात कुणाची. काम झालं की रेघ मारायची आणि पुढे जायचं. पण त्या एका दिवाळीवर मला आजवर रेघ मारता आलेली नाही. दर वर्षी पोहे उन्हात पडले की ती तशीच्या तशी वर येते.

आमच्या मंडळाचा चिवडा म्हणजे मोठं काम. खाली पार्किंगमध्ये ताडपत्री पसरून सगळ्याजणी बसतात. भाजलेले पोहे, वर तळलेले शेंगदाणे, डाळं, खोबरं, मग फोडणी, मीठ, पिठीसाखर. दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे होतात. तयार चिवडा स्टीलच्या पिंपात भरायचा आणि घेणाऱ्याच्या समोर मापाने पिशवीत घालायचा. आधी भरून ठेवलेली पिशवी कुणी घेत नाही. "समोर भरलं की विश्वास बसतो," असं आमच्या अध्यक्ष कुसुमताई म्हणतात. आणि सगळ्यांच्या पिशव्या झाल्या की पिंपाच्या बुडाशी जे काही उरेल, ते भरणाऱ्या बाईने घरी न्यायचं. तळ भरणाऱ्याचा, ही आमच्याकडची जुनी रीत. तळाशी काय उरणार, चुरा नि मीठ, ते लोकांच्या पिशवीत कसं घालायचं, या विचाराने ती रीत पडली. चांगलं काही तळाला नसतंच, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

पूर्वी पिंप जिन्याखालीच उघडायचं, तिथेच रिकामं व्हायचं. ते कुठे हलायचंच नाही. मग आमच्याकडची बरीच घरं ठाण्याला गेली, घोडबंदर रोडच्या उंच टॉवरांत. सोफे बदलले, मजले वाढले, पण दिवाळीला डोंबिवलीचाच चिवडा हवा म्हणून फोन यायला लागले. "आणि या वर्षी काजू घाला हं, नुसते शेंगदाणे काय!" समोर भरायची हौस मात्र तीच. पिंप त्यांच्या क्लबहाउसमध्ये न्यायचं, झाकण उघडायचं, त्यांनी "आहाहा, आपली बिल्डिंग!" म्हणायचं आणि मग पिशव्या पुढे करायच्या.

पिंप न्यायचं म्हणजे टेम्पोतून, भर ऑक्टोबरच्या उन्हात, मानपाड्याहून शीळफाटा, तिथून मुंब्रा बायपास, मग ठाणे. त्या रस्त्याचं वर्णन मी करत नाही, ज्याची कंबर त्या रस्त्याने गेलीय त्याला ते ठाऊक आहे. पिंपाजवळ बसायला कोण जाणार, असं विचारल्यावर सगळ्याजणींना एकदम गुडघे आठवले. सुलू म्हणाली, "मी जाते."

सुलू तळमजल्यावर राहते. साड्यांना फॉल-बिडिंग करते, ब्लाउज शिवते. दारातच मशीन असल्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येकजण तिच्याशी दोन शब्द बोलतो आणि तिच्याकडे एखादं काम टाकून जातो. नवरा घरी बसलेला. मंडळात ती सगळ्यांची सुलू आहे, कुणाचीच सुलूताई नाही, वयाने कितीतरी जणींपेक्षा मोठी असूनही. हे मला तेव्हाही खटकायचं.

तर ती गेली. पिंपाला एका हाताने धरून, गुडघ्यात दाबून, ठाण्यापर्यंत. तिथे झाकण उघडलं, आहाहा झालं, पिशव्या भरल्या. शेवटी तळ उरला, तो स्वतःच्या पिशवीत घालून संध्याकाळी परत आली. येताना जिन्यात कुसुमताई भेटल्या. सुलूने त्यांना आत बोलावलं, चहा टाकला आणि बशीत तोच चिवडा काढून पुढे केला.

"घ्या ना कुसुमताई. या वेळी काजू बघा किती आलेत माझ्याकडे! जरा खारट आहे पण."

हे ती स्वतः म्हणाली. कुणी चोरी करणारं माणूस असं म्हणेल का, एवढा एक विचार एका तरी बाईच्या मनात यायला हवा होता.

कुसुमताई बशी बघून वर गेल्या. तोवर त्यांच्या फोनवर ठाण्याहून फोटो आले होते. पिशवी उलटी करून ताटात पसरलेला चिवडा, पोहेच पोहे, आणि खाली एक वाक्य: "काजूंना पाय फुटले का हो?"

मला त्या टॉवरवाल्यांचा राग येत नाही, हे आधीच सांगते. त्यांना जे मिळालं त्याचा त्यांनी फोटो काढला. मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा.

आमच्या घरी, कल्याणला, आई सूप घेऊन बसायची तेव्हा मी शेजारी पाटावर असायचे. सुपाचा तो आवाज, सर्र आणि थप, सर्र आणि थप. आई म्हणायची, पाखडणं वेगळं आणि घोळणं वेगळं. पाखडताना सूप वर उडवायचं, म्हणजे हलकं फोल सुपाच्या तोंडाशी येतं आणि फुंकरीने पण उडून जातं. दाणा जड, तो मागे राहतो. घोळताना सूप नुसतं गोल गोल हलवायचं, म्हणजे बारीक कणी खाली सरकत जाते आणि मोठा दाणा वर तरंगल्यासारखा येतो. न निवडता निवडलं जातं. "हात लावायचा नाही," आई म्हणायची, "हलवलं की आपापलं वेगळं होतं."

आणि दिवाळीचा डबा! आमच्या भावाचा हात कायम डब्याच्या तळाशी. वरचे पोहे बाजूला सारून तो खालचे शेंगदाणे वेचायचा. आई लांबूनच ओरडायची, "तळ उकरू नकोस रे, पाहुण्यांना काय नुसते पोहे देऊ?" मग ती झाकण घट्ट लावून डबा उपडा करायची, परत सरळ करायची, तेव्हा कुठे बशी भरायची. हे काही आमच्याच घरचं नाही. ज्या घरात चिवड्याचा डबा आहे आणि पोर आहे, त्या घरात हे झालेलं आहे. मंडळातल्या एकूण एक बाईने लहानपणी तळ उकरलेला आहे आणि मोठेपणी तळ उकरणाऱ्या पोराच्या हातावर चापट मारलेली आहे. दाणे खाली जातात, हे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी मात्र एकीलाही आठवलं नाही. तळमजल्यावरच्या बाईच्या पिशवीत काजू दिसले की माणसाला आपलं बालपण आठवत नाही.

मी वागळे इस्टेटमध्ये एका औषधाच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आयुष्य पावडरीत गेलं. औषधाची पावडर आणि बाकीच्या पावडरी एकत्र फिरवून, सारखं मिश्रण करून पिंपात भरतात. मिश्रण कितीही सारखं झालेलं असो, पिंप ट्रॉलीवरून फरशीच्या खाचखळग्यांतून नेलं की आत पुन्हा वेगळं व्हायला लागतं. कारण साधं आहे. धक्का बसला की सगळे कण क्षणभर सैल होतात. मधे फटी पडतात. फटीत शिरायला जो लहान तो आधी शिरतो, आणि जो आटोपशीर असून वजनदार तो तर हटकून खाली बसतो. मोठा, पसरट आणि हलका जो असतो, त्याला कुठे जाताच येत नाही. तो वर राहतो. पुन्हा धक्का, पुन्हा तेच. चिवड्यात पोहा म्हणजे पसरट आणि हलका. काजूची पाकळी छोटी आणि जड, डाळं त्याहून छोटं, मीठ आणि मोहरी सगळ्यांत बारीक. आता हे सगळं शीळफाट्याच्या रस्त्याने न्या.

तर पिंपातलं मिश्रण तपासायला आमच्याकडे एक लांब स्टीलची नळी असते, तिला बाजूने खिडक्या असतात. ती पिंपात तळापर्यंत खुपसायची आणि मूठ पिळायची, की वरचा, मधला आणि तळाचा असे वेगवेगळे नमुने तिच्यात येतात. या नळीला आमच्या धंद्यात "थीफ" म्हणतात. चोर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. "थीफ कुठेय?" "थीफ धुवून ठेवा." त्या चोराचं काम एकच, तळात काय आहे ते सगळ्यांसमोर आणणं. तळाच्या नमुन्यात औषध जास्त निघालं तर आम्ही पिंप परत फिरवायला पाठवतो. ते पिंप ढकलत आणणाऱ्या माणसाचे खिसे तपासत नाही.

मंडळाची मीटिंग पार्किंगमध्येच झाली, प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडून. सुलू शिवणाची टाचणी ब्लाउजला तशीच अडकवून आली होती. तिला वाटलं, पुढच्या वर्षीचं काही ठरवायचंय.

कुसुमताई आवाज चढवत नाहीत. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सुलू, हवे होते तर मागायचेस गं. आम्ही नाही म्हटलं असतं का?"

सुलूला कळलंच नाही. "काय मागायचं?"

"जाऊ दे आता. दिवाळी आहे. आम्ही माफ केलं."

कळायला तिला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मला अजूनही तो डोळ्यांसमोर नको वाटतो. ती म्हणाली, "कुसुमताई, मला काजूने पित्त होतं."

आणि सगळ्याजणी हसल्या. दुष्टपणे नाही. हसू आलं म्हणून हसल्या, वातावरण हलकं झालं म्हणून. मागून एकजण म्हणाली, "मग पोरांना होत नसेल!" पुन्हा हशा. आणखी एक अगदी हळू म्हणाली, पण मी ऐकलं, "हलक्या घरचं माणूस, मोह होतो."

हलकं! मला तेव्हा खुर्ची उचलून आपटावीशी वाटली. अहो, हलकं वर राहतं. पिंपात, सुपात, डब्यात, कुठेही बघा, जे फोल असतं ते वरच असतं आणि जे जड असतं ते निमूटपणे तळाला जातं. वजनाचा शब्द वापरायचा तर निदान वजन बघून तरी वापरा.

मी उभी राहिले. म्हटलं, "काजू चोरणारी बाई सोबत मीठ, मोहरी आणि पोह्याचा भुगासुद्धा चोरते का? तिची पिशवी खारट का आहे, ते सांगा." मग म्हटलं, "वर चला." आमच्या घरी काचेची बरणी घेतली, तिच्यात सारखा कालवलेला चिवडा भरला, आणि ती वॉशिंग मशीनवर ठेवून कपडे पिळायचा फेरा लावला. मशीन थरथरायला लागलं तशी बरणीतही हालचाल सुरू झाली. सगळ्याजणी वाकून बघत होत्या. फेरा संपला तेव्हा खाली मिठाचा पांढरा पट्टा, त्यावर डाळं, काजू, दाणे, आणि वर पोह्यांचा पिवळा थर.

"अगं बाई, खरंच की!"

मला वाटलं, संपलं. यादीत रेघ मारायची. पण कुसुमताई म्हणाल्या, "नीता, बरणी केवढीशी आणि पिंप केवढं! थोडेफार जात असतील गं खाली, सगळे कसे जातील? आणि आता ते उकरायचं कशाला? आम्ही केव्हाच माफ केलंय तिला."

इतक्या वर्षांत मी या वाक्याशी किती वेळा भांडले असेन, भांडी घासताना, इस्त्री करताना. आरोप केला असता तर सुलू भांडली असती. पुरावा मागता आला असता, उलट बोलता आलं असतं. पण माफीशी कसं भांडायचं? न केलेल्या गोष्टीची माफी माणसाला घ्यायला लावली की ती गोष्ट त्याने केलीच, हे पक्कं होतं. आणि देणारा मोठ्या मनाचा ठरतो, ते वेगळंच.

सुलू त्यानंतर मंडळात आली नाही. फॉल लावायला साड्या जात राहिल्या, कारण साड्यांना फॉल लागतोच. पण दाराची कडी तिने लावायला सुरुवात केली. आधी तिचं दार दिवसभर सताड उघडं असायचं. मी जाऊन बसायचे तेव्हा ती विषय काढू द्यायची नाही. "झालं ते झालं. तू कशाला रक्त आटवतेस?" आणि मशीन जोरात चालवायची. ठाण्याचा चिवडाही बंद पडला, कारण टेम्पोत बसायला कोणीच मिळेना. त्याचीही आमच्याकडे हळहळ झाली. चिवड्याची.

यंदा ठाण्याहून पुन्हा फोन आले. मंडळाने पुन्हा काजू आणले. मी स्पष्ट सांगितलं की पिशव्या इथेच भरा आणि मग टेम्पोत ठेवा. कुसुमताईंनी मान हलवली. "समोर भरल्याशिवाय त्यांना मजा येत नाही. या वेळी मी स्वतः जाते, म्हणजे प्रश्नच नाही." त्या मागच्या प्रश्नाबद्दल बोलत होत्या, हे सगळ्यांना कळलं. मी गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर ताडपत्रीवरच भांडण झालं असतं.

त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. "नीता, वर ये जरा. एकटीच ये."

डायनिंग टेबलावर पिशवी होती. रीतीप्रमाणे तळ त्यांच्या वाट्याला आला होता. काजू, डाळं, दाणे, खाली मीठ. बाजूला फोन उघडा पडलेला, आणि त्यावर ठाण्याहून आलेलं वाक्य, हसऱ्या तोंडाच्या चित्रासकट: "काजू पुन्हा प्रवासात उतरले वाटतं!"

कुसुमताईंचे केस टेम्पोच्या वाऱ्याने विस्कटलेले होते. कमरेला हात धरून त्या उभ्या होत्या. "मी एकही घेतला नाही गं," त्या म्हणाल्या. "देवाशपथ."

खरं होतं ते. मला शंकाच नव्हती.

"ती तुझी बरणी आहे ना, ती उद्या मीटिंगला घेऊन ये. सगळ्यांना नीट दाखव. ठाण्याला पाठवायला व्हिडिओ पण काढू."

आता बरणी हवी होती. आता पिंप आणि बरणी सारखीच झाली होती. मी इतकी वर्षं पाठ केलेलं वाक्य बाहेर आलं. "हवे होते तर मागायचेत, कुसुमताई. आम्ही नाही म्हटलं असतं का?"

त्या मग खुर्ची ओढून हळूच बसल्या. "असं बोलले होते ना मी?"

"अक्षरन् अक्षर."

"एवढं लागतं होय गं ते?"

"तुम्हीच सांगा."

त्यांनी पिशवीतला एक काजू उचलला आणि परत टाकला. मी म्हटलं, "बरणी आणीन. पण आधी सुलूचं नाव घ्यायचं, सगळ्यांसमोर. आणि माफ हा शब्द तुमच्या तोंडून नकोय."

सुलूला आणणं जास्त अवघड गेलं. "मला कशाला तिथे?" ती म्हणाली. मशीनचं चाक तिने हाताने थांबवलं होतं, पण उठत नव्हती. "बरणी धरायला," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी बरणी तूच धर," आणि चपला घातल्या.

तेच पार्किंग, त्याच खुर्च्या, वरून फोडणीचा तोच वास. मी बरणी मांडीवर घेऊन बसले. सगळ्याजणींना ठाण्याचा मेसेज पोचला होता, त्यामुळे कुणी कुसुमताईंकडे थेट बघत नव्हतं. हे असं न बघणं काय असतं, ते त्यांना एका दिवसात समजलं होतं.

कुसुमताई उभ्या राहिल्या. त्यांना एवढं अडखळताना मी कधी पाहिलं नव्हतं. "त्या वर्षी सुलूने काही घेतलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे... पिंपात आपोआप होतं ते. मी उगाच बोलले तिला. चूक माझी होती."

लगेच मागून आवाज आला, "जाऊ दे हो ताई, दिवाळी आहे." तीच, जिने पोरांवरून विनोद केला होता. माझ्या डोक्यात पुन्हा सणक गेली. मी तोंड उघडलं, पण सुलूने माझ्या हातावर हात ठेवला आणि स्वतःच उभी राहिली. ब्लाउजला टाचणी तशीच होती.

"मला काजूने पित्त होतं," ती म्हणाली. "तेव्हाही सांगितलं होतं."

कुणी हसलं नाही.